पुलाखालचा नावाडी

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. पत्नीपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापासून लपवावे असे माझ्या आयुष्यात दुसरे काहीही नव्हते. ती जाऊन सहा वर्षे झाली. शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून एकदा सुरुवात केली होती. तिने पाणी मागितले, मी उठलो, आणि परत आलो तो भलतेच काही बोलत बसलो. तेव्हा ऐकणारे तुम्हीच पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. एवढ्या अंतरावरून कदाचित जमेल.

मी गणिताचा शिक्षक होतो. ठाण्यात, टेंभी नाक्यापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या एका शाळेत एकतीस वर्षे शिकवले. माझ्याविषयी पुष्कळ काही बोलले जाते आणि त्यातले निम्मे चूक असते. चूक विधान फळ्यावर तसेच ठेवून पुढचे उदाहरण घेण्याची मला सवय नाही. म्हणून आधी खोडायचे ते खोडतो. तुम्ही म्हणाल, कबुली द्यायला बसलेला माणूस भांडतो कशाला? भांडणे मला येते, कबुली देणे येत नाही — म्हणून.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या तुकडीने स्नेहमेळावा भरवला आणि त्यानिमित्ताने एक गुळगुळीत कागदाची स्मरणिका काढली. तिच्यात मंदार नावाच्या विद्यार्थ्याचा एक लेख आहे. मंदार वर्गात मोठ्याने बोलत असे. आता तो वकील आहे. लेख विनोदी आहे. विषय असा : नव्वदीचे दशक नुकतेच सुरू झालेले असताना, ही मुले आठवी-नववीत असताना, व्हिडिओ गेमच्या दुकानांतून एक मारामारीचा खेळ आला होता. आठ पहिलवान, दोघादोघांची झुंज. शाळेच्या मैदानावर अशी वदंता होती की त्या खेळात एक नववा पहिलवान लपलेला आहे — पुलाखालून होडी घेऊन जाणारा नावाडी. ही थाप वर्गातल्या हरेश नावाच्या कोळ्याच्या मुलाने मारली, सरांनी ती फळ्यावर गणिताने खोटी ठरवली, आणि त्या दिवसापासून तर्कशुद्ध विचार म्हणजे काय ते आम्हाला कळले, असे मंदार लिहितो.

लेखात चार चुका आहेत. पहिली : हरेशने ही कल्पना कुठल्याशा इंग्रजी मासिकातून उचलली, असे मंदारला वाटते. हरेशच्या घरी वर्तमानपत्रसुद्धा येत नव्हते. दुसरी : कोणा दुकानदाराने गिऱ्हाईक वाढवण्यासाठी ही वदंता पसरवली असावी. ज्या दुकानाची गोष्ट आहे त्याच्या मालकाला पडद्यावर काय चालले आहे याची गंधवार्ता नसे. तो पाठमोरा बसून सुपारी कातरत असे. हे मला कसे ठाऊक? ते सांगायलाच तर बसलो आहे. तिसरी चूक हरेशच्या वडिलांविषयी आहे. हिराजी तापट आणि अंधश्रद्ध होता, मुलाच्या एका थापेसाठी त्याने डोक्यात राख घालून घेतली, असे मंदार गमतीने लिहून जातो. हे मात्र मी अजिबात खपवून घेणार नाही. हिराजीइतका थंड डोक्याचा माणूस मी पाहिलेला नाही. त्याने जे केले ते माझ्या शब्दावर केले.

चौथी चूक नंतर सांगतो. चौथी चूक हीच सगळी गोष्ट आहे.

त्या खेळांविषयी तेव्हा मैदानावर काय काय चालायचे याची आजच्या मुलांना कल्पना येणार नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी चर्चा सुरू होई. शेवटच्या पहिलवानाला एकही लाथ न मारता हरवले तर त्याची बहीण येते. नेमक्या वेळी वीज गेली आणि परत आली तर काळा पहिलवान निघतो. आणि हे सगळे कोणी पाहिलेले असे? नेहमी कोणाच्या तरी चुलतभावाने. चुलतभाऊ नेहमी मुलुंडला राहत असे. मुलुंडला इतके चुलतभाऊ राहत होते की तिथे इतर कोणाला जागा उरली असेल की नाही, अशी मला शंका येई.

मला या सगळ्याचा तिटकारा होता. हे ढोंग नव्हते, खरोखरच होता. शाळेजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शिरून मी मुलांना कानाला धरून बाहेर काढले आहे. पालकसभेत या विषयावर मी बोललो. गणवेशातल्या मुलाला आत घेऊ नये म्हणून दुकानदारांकडे जे पत्र गेले त्यावर मुख्याध्यापकांची सही असली, तरी मसुदा माझा होता. लोक माझे नाव घेत, ते याच कामासाठी. आणि मला ते आवडे — हेही आता लिहून टाकतो.

असाच एकदा एका मुलाला शोधत मी पार्लरमध्ये शिरलो आणि तो मुलगा सापडला नाही. सापडला असता तर? असो. मी दोन मिनिटे उभा राहिलो. पडद्यावर एक दगडी पूल होता, त्यावर दोन माणसे झुंजत होती, आणि त्यांच्या हालचालींना एक क्रम होता. समोरचा पहिलवान दर तिसऱ्या फटक्यानंतर एक पाऊल मागे सरकत होता. खेळणाऱ्या पोराला ते दिसत नव्हते. मला दिसले. गणिताच्या माणसाला क्रम दिसला की पुढची संख्या मांडल्यावाचून राहवत नाही. मी घरी आलो तरी तो पूल डोळ्यांसमोरून हलेना.

ठाण्यात मला जाता येणे शक्य नव्हते. डोंबिवलीत माझी बहीण राहते. शनिवारी शाळा सकाळची असे आणि दुपारी मी भाच्याला शिकवायला तिच्याकडे जात असे. तिच्या घराच्या अलीकडे, एका पिठाच्या गिरणीच्या मागे, व्हिडिओ गेमची तीन खोकी मांडलेले एक अंधारे दुकान होते. गिरणीच्या आवाजात आतला आवाज रस्त्यावर येत नसे. तिथे मी जाऊ लागलो. त्रेचाळीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेने लावलेला मनुष्य — रुपयाचे नाणे टाकून, दांडी धरून, बटणे दाबत उभा. आतली पोरे मला ‘अंकल’ म्हणत. एकाने तर ‘अंकल, लाथ मारो ना!’ असा सल्लाही दिला होता. मी किती शनिवार गेलो? पाऊणएक वर्ष म्हणा. बहिणीला वाटे, गाडी उशिरा आली.

मी चांगला खेळत होतो. हे सांगायची गरज नाही, पण खरे आहे ते खरे आहे.

जुलैमधल्या एका शनिवारी त्या पुलावर माझी झुंज चालू असताना मागून आवाज आला, “सर, तो वल्हा उलटा मारतंय.”

मागे वळून न बघताच मला कळले की ‘अंकल’ म्हणणाऱ्यांपैकी हा नव्हे. हरेश होता. नववीत नुकताच आलेला, चेंदणी कोळीवाड्यातला, वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा, चुका कमी करणारा आणि हात फारसा वर न करणारा मुलगा. त्याची मावशी डोंबिवलीला राहत होती; तिच्याकडे सुकट पोचवायला तो आला होता, आणि रिकामी पिशवी काखेत मारून दारात थांबला होता. मी पुन्हा पडद्याकडे वळलो. तोही माझ्याकडे पाहत नव्हता, पडद्याकडे पाहत होता. त्या पुलाखालून मधूनमधून एक होडी जात असे. चित्रातली शोभा, एवढेच मी समजत होतो. शंभर वेळा पाहिली असेल, पण तिच्यातला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

“होडी पुढे जाते आणि हा मागे ओढतंय,” हरेश म्हणाला. “त्याला थांबायचा हाय, सर.”

पुढच्या खेपेस होडी आली तेव्हा समोरचा पहिलवान खाली पडलेला होता. मी दांडीला हात घातला तोच हरेश म्हणाला, “मारू नका. थांबा.” आणि मी थांबलो. दोन्ही हात वर घेतले. आजही सांगता येणार नाही की मी का ऐकले. पडलेला पहिलवान उठला, वळला आणि पडद्याबाहेर चालत गेला. होडी थांबली. तो नावाडी पुलाच्या कठड्यावरून वर चढून आला — भिजलेला, पाठीला वल्हे बांधलेले. पहिलवानाचे नाव जिथे उमटते ती पट्टी कोरी होती. त्याने मला दहा सेकंदांत लोळवले.

आम्ही दोघे हसलो. मी, जो वर्गात हसत नसे. मी हरेशचा खांदा धरून गदागदा हलवला. ते दुकान, ते गिरणीचे पीठ उडत आत येणे, तो मुलगा — एकतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या विद्यार्थ्याबरोबर मला इतका निखळ आनंद झाल्याचे दुसरे उदाहरण मी देऊ शकत नाही. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

बाहेर आल्यावर मी भानावर आलो. त्याला म्हणालो, मी इथे येतो हे कोणालाही कळता कामा नये. तो लगेच म्हणाला, “नाय सांगणार.” मग म्हणाला, “नावाडी बघितला, एवढा सांगू का? तुमचा नाव नाय घेत.”

मी नाही म्हणायला हवे होते. त्याचा चेहरा पाहून मी मान हलवली. होकारार्थी.

पुढचे तुम्ही ताडले असेल. सोमवारी मैदानावर त्याने सांगितले. मुलांनी विचारले, काढला कोणी? मंदारने आवाज चढवला, “बोल ना, कोणी काढला? मुलुंडच्या चुलतभावानं?” सगळे हसले. हरेश म्हणाला, ज्याने काढला त्याचे नाव सांगणार नाही, पण मी स्वतः पाहिला. मंदार म्हणाला, “आईशप्पथ बोल.” हरेश म्हणाला, “होडीची आन.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. पण ठाऊक नसणे ही सबब म्हणून मी मांडत नाही, कारण पुढे ठाऊक झाली तेव्हाही मी काही केले नाही. हिराजीच्या घरात आईची, देवाची शपथ सर्रास घेतली जाई, जशी ती आपण सगळेच घेतो. होडीची आन मात्र कोणी घेत नसे. ती घेतली म्हणजे बोलणे संपले. आणि खोटी घेतली असेल, तर होडीपुढे उभे राहून ‘मी खोटा बोललो’ असे स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय होडीत पाऊल ठेवायचे नाही. ही त्या घराची रीत होती, हिराजीच्या आजापासूनची.

आठवडाभर मुले त्याच्या मागे लागली. “काय रे नावाडी, पलीकडे सोडतो का?” असे म्हणून त्याच्यापुढे हात जोडत. काही जणांना मात्र ते खरे वाटू लागले होते, आणि त्यावरून दोन तट पडले. शेवटी एका तासाला मंदारच उठला आणि म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा. असा लपलेला पहिलवान असू शकतो का?”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. हरेशही. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट जरासे हसू होते, आता सुटलो असे. ज्याने पाहिले आहे त्यालाच विचारले, म्हणून.

मी काय काय करू शकलो असतो? ‘मला या खेळातले काही कळत नाही’ असे म्हणून पुस्तक उघडता आले असते. ‘असूही शकेल’ म्हणता आले असते. माझे नाव कुठेही आले नसते. हे मी अनेकदा मांडून पाहिले आहे. किमान चार वाटा होत्या, आणि चारही मोकळ्या होत्या. मी खडू उचलला. फळ्यावर आठ चौकोन काढले. म्हणालो, यंत्रात जेवढे घातले तेवढेच बाहेर येते. खोक्यावर आठ पहिलवान छापलेले आहेत. तर मग नववा कोठून येणार? मंदारने बाकावर थाप मारली. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मला थांबता येत नाही, हा माझा जुना दोष. मी म्हणालो, “हरेश, उभा राहा. खोटे बोललास ना?”

तो उभा राहिला. माझ्याकडे पाहत राहिला — रागाने नव्हे. फळ्यावर सरांच्या हातून चिन्ह चुकले आहे, सर आत्ता वळतील आणि स्वतःच दुरुस्त करतील, अशी वाट पाहणारा विद्यार्थी जसा पाहतो तसा. मी वळलो नाही.

‘मी खोटे बोललो’ असे शंभर वेळा लिहून आणायला मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. प्रत्येक पानावर समास आखलेला होता. बाकी पाने कोरी. चारचौघांत हा उद्धटपणा मला सहन होईना — बघा, मी अजूनही ‘उद्धटपणा’ असाच शब्द वापरतो आहे. मी त्याच्या वडिलांना बोलावणे पाठवले.

हिराजी दुपारी आला. चपला शिक्षकखोलीच्या बाहेर काढून आला. मी घाला म्हटले तरी घातल्या नाहीत. बसलाही नाही. हरेश दाराशी उभा होता. हिराजी म्हणाला, “सर, पोऱ्यानी होडीची आन घेतलीय म्हनतात. मना येकच सांगा. त्यो खरा बोलला का खोटा?”

मी म्हणालो, मुले अशा वयात काहीबाही बोलतात, त्याचे एवढे मनावर—

“तसा नाय, सर. खरा का खोटा? तुमी सांगाल तेच खरा.”

हरेश जमिनीकडे पाहत होता. त्याने तोंड उघडले असते तर एका वाक्यात सगळे संपले असते : बाबा, हे सर स्वतःच खेळत होते. तो काय बोलतो याची मी वाट पाहिली. होय, पाहिली, चौदा वर्षांच्या मुलाने आपला शब्द मोडावा आणि मला त्या संकटातून सोडवावे, अशी मी वाट पाहिली. तो बोलला नाही. मग मी म्हणालो, “खोटे बोलला.”

हिराजीने मान डोलावली. मला हात जोडले. मुलाला मारले नाही, आवाज चढवला नाही. दाराशी जाऊन इतकेच म्हणाला, “चल.”

इथपर्यंतचे मंदारलाही थोडेफार माहीत आहे, अर्थात चुकीच्या अंगाने. यापुढचे मला सांगवत नाही. पण त्याच लेखात एक छायाचित्र आहे, आणि त्याखाली लिहिले आहे : ‘कोळी बांधवांनी सरांचा केलेला सन्मान’. ही ती चौथी चूक.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा आली. हिराजीच्या घरात मुलगा नववीत गेला की त्या वर्षीचा नारळ त्याच्या हातून खाडीला द्यायचा, आणि त्या दिवसापासून होडी त्याचीही झाली, अशी पद्धत होती. ते वर्ष हरेशचे होते. हिराजी आदल्या दिवशी माझ्या घरी आला. म्हणाला, पोऱ्या अजून ‘खोटा बोललो’ म्हणत नाही, म्हणून होडीत पाय ठेवायचा नाही. पण खाडीचा नारळ चुकवायचा कसा? तुम्ही आमच्या घराला खरे-खोटे दाखवले, तेव्हा यंदाचा नारळ तुमच्या हातून. पत्नी आतून बाहेर आली. तिला केवढे कौतुक वाटले. तिने त्याला चहा दिला.

मी काय म्हणालो असेन? ‘येतो’ म्हणालो.

चेंदणीच्या बंदरावर दुसऱ्या दिवशी बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अंगावर सगळे सोने घालून उभ्या होत्या. होड्यांना पताका होत्या. वाजंत्री होती. हरेश धक्क्यावर उभा होता, नवा शर्ट घालून. शर्ट त्या दिवसासाठीच शिवलेला होता, आणि आईने तो घालायला लावला असावा, कारण बाह्या अजून कडक होत्या. पाण्याला भरती होती आणि होडी धक्क्यापासून हातभर लांब हेलकावत होती. मला त्याची सवय नव्हती. मी घुटमळलो. तेव्हा हरेश खाली वाकला, दोर ओढून होडी जवळ घेतली, आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. म्हणाला, “सर, पाय मधोमध टाका.”

मी त्याचा हात धरला आणि त्याच्या होडीत चढलो.

खाडीच्या मध्यावर नारळ माझ्या हातात दिला. हिराजी शेजारी उभा होता. मी तेव्हा बोलू शकलो असतो — तिथे फक्त आम्ही दोघे आणि वल्ही धरलेली माणसे होती, वाजंत्री मागे राहिली होती. मी त्याच्याकडे वळलोही. “काय सर?” तो म्हणाला. ‘काही नाही’ म्हणालो, आणि नारळ पाण्यात सोडला. कोणीतरी छायाचित्र काढले. त्यात मी फार शांत दिसतो.

त्यानंतर? त्यानंतर काही झाले नाही, हेच झाले. हरेश वर्गात येत राहिला, गणितात उत्तम गुण मिळवत राहिला, आणि माझ्याविषयी एक अक्षर बोलला नाही. मला पाहून वाट बदलली नाही. मी मात्र डोंबिवलीला जाताना गिरणीमागचा तो रस्ता टाळू लागलो. हिराजी जिवंत असेतो हरेश त्या होडीत चढला नाही. त्याला फक्त एक वाक्य म्हणायचे होते आणि ते तो म्हणाला नाही, कारण ते खरे नव्हते. दहावीनंतर कल्याणला एका कारखान्यात लागला. लोक म्हणतात, खाडीत मासळी राहिलीच नव्हती, कोळ्यांची सगळीच मुले नोकऱ्यांकडे वळली, हाही वळलाच असता. मीही हा युक्तिवाद स्वतःशी करून पाहिला आहे. चांगला युक्तिवाद आहे. पण ज्या वर्षांत हिराजी एकटा होडी लोटत होता, त्या वर्षांत खाडीत थोडी मासळी होती. ती विकायला त्याची बायको आमच्या दारावरून जात असे, आणि पत्नी तिच्याकडून घेत असे. मी आतल्या खोलीत असे.

हिराजी वारला तेव्हा मी गेलो होतो. आता तरी सांगावे, असा विचार करत गेलो होतो. कोणाला सांगणार? ज्याला सांगायचे तो अंगणात निजवला होता. मुलाने होडीची खोटी आन घेतली, हे तो बरोबर घेऊन गेला. मी फुले वाहिली. बाजूला सरकलो तेव्हा मागच्याने मला जागा करून दिली, कारण मी सर होतो.

आता मेळाव्याचे सांगतो, आणि थांबतो.

मी ठरवून गेलो होतो. मेळाव्याच्या महिनाभर आधी मंदारने लेख मला वाचायला पाठवला होता, आणि त्या महिन्यात मी वाक्य तयार केले होते. लहान वाक्य होते, कारण लांब वाक्य मला पार करता आले नसते. सभागृहात साठेक माणसे असतील. टक्कल पडलेली, पोटे सुटलेली माझी मुले. हरेश मागून दुसऱ्या रांगेत होता. केस पांढरे झालेत. मंदारने माइक हातात घेऊन लेखातला प्रसंग रंगवून सांगितला, फळ्यावरचे चौकोन हवेत काढून दाखवले, सगळे हसले. मग तो माझ्याकडे आला. “सर, तीस वर्षांनी तरी सांगा! होता का तो नावाडी?” आणि माइक माझ्या हातात दिला.

मी उभा राहिलो. वाक्य तोंडात होते. हॉल हळूहळू शांत झाला. मी माइक तोंडाजवळ नेला, आणि माझ्या श्वासाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मी वादात कधी हरलेलो नाही. मुख्याध्यापकांशी, शिक्षणाधिकाऱ्यांशी, कोणाशीही. तीन शब्द होते. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. पुढच्या रांगेतल्या एकीने शेजारच्याला हळूच विचारलेले ऐकू आले, “सरांना बरं वाटत नाहीये का?” मंदार माझ्या कोपराला हात लावायला पुढे सरसावला.

तेव्हा मागून हरेश उठला. मोठ्याने, हसत म्हणाला, “अरे, सरांना कशाला तरास देता? मी थाप मारलेली. मीच. बसा सर तुम्ही.”

हॉल हसण्याने भरून गेला. कोणी शिट्टी वाजवली. “शेवटी कबूल केलास रे!” मंदार ओरडला.

वडिलांनी मागितले तेव्हा जे तो बोलला नाही, ज्यासाठी त्याने होडी सोडली, ते वाक्य तो त्या संध्याकाळी बोलला. माझ्या माहितीत हरेश आयुष्यात एकदाच खोटे बोलला आहे, आणि ते हे.

मी माइक मंदारच्या हातात दिला आणि खाली बसलो.